टाळीची रेघ

बिभीषण काकांनी रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली होती. रविवारी त्यांचा मुलगा राधेश्याम येणार होता. तो साखर कारखान्यात नोकरीला होता आणि तिथल्याच वसाहतीत दोन खोल्यांत राहायचा. बापलेकांत फोनवर ठरलेली अट साधी होती. विहिरीला लागून जी वीस गुंठे जमीन आहे, तिच्यात काकांनी मोसंबीची आखणी करायची. नंतर त्या आखणीत, कुणाचा हात न धरता, पहिल्या खुंटीपासून कोपऱ्यातल्या शेवटच्या खुंटीपर्यंत जाऊन परत यायचं. जमलं तर बाग लागेल आणि काका शेतात राहतील. नाही जमलं तर जमीन बटाईने जाईल आणि काका-काकू राधेश्यामच्या दोन खोल्यांत जातील.

काकांना दिसत नाही. काचबिंदूने तीन वर्षांत दोन्ही डोळे गेले. उजेड आहे की अंधार, एवढं कळतं. जालन्याच्या डॉक्टरांनी गेलेली नजर परत येणार नाही असं स्पष्ट सांगितलं होतं.

आमचा आणि त्यांचा बांध एक. मी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करून मे महिन्यात घरी आले होते आणि निकालाची वाट बघत बसले होते. शुक्रवारी सकाळी उषाबाई काकू आमच्या अंगणात आल्या.

"अर्पे, दोन दिस तुझे डोळे दे आमाला," त्या म्हणाल्या. "ह्यांना बाग लावायचीय. येडेपणा हाय, पण केल्याशिवाय ऐकायचे न्हाईत."

मी जाताना मोबाईल घेतला, कारण त्यात होकायंत्र होतं. एक मोजपट्टीही घेतली. मनात तीन-चार-पाचचा त्रिकोण तयार होता. काटकोन कसा काढायचा हे मला येत होतं, असं तेव्हा मला वाटत होतं.

काका विहिरीच्या कठड्यावर बसले होते. समोर दोन नायलॉनच्या दोऱ्या गुंडाळून ठेवलेल्या. दर अठरा फुटांवर लाल चिंधी बांधलेली. चिंध्या नऊ, म्हणजे मधली अंतरं आठ, म्हणजे पहिल्या चिंधीपासून शेवटच्या चिंधीपर्यंत एकशे चव्वेचाळीस फूट. शेवटच्या चिंधीपुढेही दोन्हीकडे वावभर, म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी, दोरी मोकळी होती.

"नऊ गुणिले नऊ," मी म्हणाले. "एक्क्याऐंशी झाडं."

"हिशोब जल्दी करती," काका म्हणाले. "ते ठेव तुझं मशीन बाजूला. काटकोन म्हंजी काय, सांग."

"नव्वद अंश."

"अन् नव्वद म्हंजी काय?"

 नव्वद म्हणजे तीनशे साठचा चौथा भाग. पण तीनशे साठ का, तर कुणीतरी फार पूर्वी वर्तुळाचे तेवढे भाग करायचं ठरवलं म्हणून. चारशे ठरवले असते तर काटकोन शंभराचा झाला असता. इतकी वर्षं मी ज्याला काटकोन म्हणत होते, तो एक आकडा होता.

"पाव," काका म्हणाले. "गिरकी घेतली की पुरी. पाठ फिरवली की अर्धी. अर्ध्याची अर्धी ती पाव. ह्याला आकडा कशाला पायजे?"

ते उठले. जमिनीवर बांधाच्या कडेने पहिली दोरी ताणलेली होती, विहिरीजवळच्या खुंटीपासून दुसऱ्या खुंटीपर्यंत. काकू दोरीचं मोकळं टोक धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी ती छातीइतकी वर उचलली. काका दुसऱ्या खुंटीपाशी दोरीला पाठ लावून उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात बाजूला पसरले, इतके की दोन्ही मनगटं मागून दोरीला टेकली. मग कोपर न वाकवता दोन्ही हात हळूहळू पुढे आणले. तळवे एकमेकांना भिडले. टाळीचा हलका आवाज झाला.

"ही रेघ," ते म्हणाले. हात तसेच पुढे, जोडलेले. "हातावरून बघ अन् लांबची खूण धर."

मी त्यांच्या मागे उभी राहून खांद्यावरून पाहिलं. जोडलेली बोटं नांगरलेल्या रानापलीकडच्या चिंचेच्या जरा डावीकडे रोखलेली होती.

हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. उन्हाळ्यात शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखतासाठी. रोज नवं रान, आणि रोज संध्याकाळी जाळ्यांचं नवं चौकोनी कुंपण. चार जाळ्या, चारी सारख्या लांबीच्या.

"कुंपण कललं की आतली जागा कमी व्हती," काका म्हणाले. "जाळ्या तेवढ्याच, मेंढरं तेवढीच, पण चेंगरत्यात. सकाळी दोन पिल्लं मेलेली. म्हून बा चारी कोपऱ्यात टाळी लावायचा. सरळ उभ्या चौकटीत जेवढी मेंढरं मावत्यात, तेवढी कललेलीत मावत न्हाईत."

चार सारख्या बाजू ठरलेल्या असतील तर काटकोनाच्या चौकोनात सर्वांत जास्त जागा मावते. हे मी बारावीत सूत्राने सोडवलं होतं. मेंढ्यांच्या पिल्लांनी ते कसं सोडवलं असेल, हा विचार मात्र तेव्हा आला नव्हता.

काम असं ठरलं. बांधावरून निघायचं, प्रत्येक कोपऱ्यात डावीकडे पाव वळायचं, दोरी तेवढीच ठेवायची. काकांनी टाळी लावायची. मी हातांच्या रेषेत खूण धरायची आणि दुसऱ्या दोरीचं टोक तिकडे ताणत न्यायचं. काकांनी दोरी धरून माझ्यापर्यंत चालत यायचं. तीन वळणांनंतर चौथी बाजू विहिरीजवळच्या पहिल्या खुंटीवर येऊन टेकली पाहिजे.

"लग्नात बी एवढ्या टाळ्या वाजिवल्या न्हाईत ह्यांनी," काकू दोरी ताणत म्हणाल्या.

"तवा हातात हार व्हता," काका म्हणाले.

दुसऱ्या कोपऱ्यापासून तिसरी खुंटी चिंचेजवळ पडली. काकांनी तिथे दुसरी टाळी लावली. मी त्यांच्या हातांवरून पाहिलं आणि मला खटकलं. हात बांधाकडे झुकत होते. त्या रेषेत दोरी नेली तर चौथी खुंटी बांधाच्या बरीच जवळ पडणार होती. मी दोरी घेऊन निघाले. मागे काका तसेच हात जोडून उभे होते, तोंडावर ऊन, आणि चेहऱ्यावर असा विश्वास की मला पुढे पाऊल टाकणं जड गेलं.

मी बांधापासून लांब, पलीकडच्या ओढ्याकडे पाच फूट सरकले. चिंच बांधापासून जितकी लांब होती, तितकंच लांब हे टोक असावं, एवढा अंदाज डोळ्यांनी घेतला आणि खुंटी ठोकली. काका दोरी धरून आले, तिसरी टाळी लावली. या वेळी मी हातांची रेघ तंतोतंत पाळली. दोरीचं टोक विहिरीजवळच्या पहिल्या खुंटीपासून वीतभर राहिलं. ती वीतही मी मिटवली आणि टोक खुंटीला अडकवलं.

"आलं काका! बरोबर खुंटीवर आलं."

काका चालत आले, वाकले, खुंटी चाचपली, दोरी चाचपली. मी वाट बघत होते की ते हसतील. ते खाली बसले.

"घावली खुंटी," ते म्हणाले. "पण कर्ण बघू."

"खुंटी मिळाली ना?"

"बाजेची चारी लाकडं मिळालेलीच असत्यात. तरी बाज कलती का न्हाई? विणायच्या आधी आडवी दोरी लावून बघतेत. ह्या पायापासून त्या पायापर्यंत, अन् मंग दुसरी. दोन्ही सारख्या झाल्या तर बराबर."

आम्ही दोन्ही दोऱ्या जोडल्या. विहिरीच्या खुंटीपासून चिंचेपर्यंत एक माप, उरलेल्या दोन कोपऱ्यांमध्ये दुसरं. दोन मापांत साडेतीन फुटांचा फरक निघाला. मी तो मोठ्याने सांगितला. खोटं बोलायचं ठरवलं असतं तरी जमलं नसतं, कारण चिंध्या काका स्वतः बोटांनी मोजत होते.

ते शेवटची चिंधी मुठीत धरून बसले. चिंचेवर कावळा ओरडत होता. काकूंनी तांब्या पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"अर्पे," ते म्हणाले, "माझी टाळी चुकत असन. म्हातारा झालो. पण चुकली तर दर कोपऱ्यात सारखीच चुकन का न्हाई? हात तेच, माणूस तोच."

"हो."

"सारखीच चुकली, तर डावीकडं वळत वळत म्या खुंटीच्या आत तरी येईन, न्हाई तर बाहेर तरी जाईन. खुंटी घावायची न्हाई. बराबर?"

"बरोबर."

"खुंटी घावली. अन् चौकट कललेली हाय." त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं, नेमकं माझ्याकडे. "म्हंजी एका कोपऱ्यात माझी टाळी न्हवती. दुसऱ्या कुणाची व्हती."

मी जागच्या जागी उभी राहिले.  प्रयोगशाळेत तीन वर्षं मी वाचनं घेतली, चुकांचे तक्ते भरले, आणि एकदाही असं पाहिलं नव्हतं की जमिनीवरची चार लाकडं माणसाची लबाडी सांगतात. ज्याला दिसत नाही त्याने, दोरीच्या दोन मापांवरून, मी पाहत असताना मीच केलेली गोष्ट पाहिली होती.

"चिंचेपाशी," मी म्हणाले. "पाच फूट सरकवलं मी. तुमची टाळी बांधाकडे जात होती."

"का सरकवलं?"

उत्तर काकूंनी दिलं. "तुमची कीव आली तिला, दुसरं काय."

"कीव करून आखलेल्या बागंत मला चालायचंय का?" काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. "पोरी, तू सरकवलेल्या खुंटीवर भरवसा ठेवून म्या हात पुढं करीन, अन् तिथं झाड नसन. मंग म्या कुठं उभा हाय, हे सांगायला तू रोज येणार का?"

मी खुंट्या उपटल्या. दुसऱ्यांदा आम्ही सगळं पहिल्यापासून केलं, आणि या वेळी मी त्यांच्या हातांशिवाय कशाकडेही पाहिलं नाही. चौथ्या बाजूचं टोक पहिल्या खुंटीपासून सात फुटांवर पडलं.

"सात फूट," मी म्हणाले. पूर्ण सांगितले, त्यातलं अर्धं बोटही कमी केलं नाही.

काका कठड्यावर बसले आणि त्यांनी दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले. मला वाटलं, आता ते काकूंना म्हणतील, कपड्यांची पिशवी भर. काकूंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या पदराशी चाळा करत होत्या.

मी मनात गणित करत होते. तीन वळणं, प्रत्येकात सारखी चूक, एकशे चव्वेचाळीसची बाजू, सात फुटांची फट. उत्तर जवळजवळ एक अंश आलं. दर वळणाला पावपेक्षा एक अंश जास्त, नेहमी डावीकडे. डोळे होते तेव्हा ही चूक नजरेने आपोआप दुरुस्त होत असणार. आता उरले होते फक्त हात.

"काका, तुमचा डावा हात कधी मोडला होता का?"

"मोडला न्हाई, चुरा झाल्ता," काकू म्हणाल्या. "बैलगाडीवरून पडले व्हते. सहा वर्सं झाली."

मी मोजपट्टी काढली. खांद्याच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आधी उजवा, मग डावा. डावा हात सव्वा इंच आखूड भरला.

"टाळी मधोमध पडतच नाही," मी म्हणाले. "दोन्ही हात सारखे असतील तरच टाळी मधोमध पडते. तुमची टाळी आखूड हाताकडे सरकते. तुमची पद्धत चुकीची नाही काका, हात चुकीचे आहेत."

ते एकदम हसायला लागले. इतके हसले की खोकला आला.

"बा सांगायचा, हात सारखे धर. म्या म्हनायचो, सारखेच तर असत्यात." मग हसणं थांबलं. त्यांची बोटं गुंडाळलेल्या दोरीवर फिरायला लागली. एका चिंधीवर थांबली, पुढे गेली, परत आली. "अर्पे. दोरीची मधली चिंधी कंची?"

"पाचवी."

"पाचवीपासून दोन्हीकडं दोरी सारखीच हाय न?"

मला त्या क्षणी समजलं. त्यांनी मात्र ते सावकाश, स्वतःलाच सांगितल्यासारखं उच्चारलं.

"मंग दोरीचेच हात करू."

बांधाची रेघ आम्ही दुसऱ्या खुंटीच्या पुढे आणखी अठरा फूट वाढवली. त्या कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना, त्याच रेषेवर, एकेका चिंधीच्या अंतरावर दोन खुंट्या ठोकल्या. दोरीची दोन टोकं त्या दोन खुंट्यांना बांधली. हे झाले पसरलेले हात. मग काकांनी मधली, पाचवी चिंधी मुठीत धरली आणि ते रानात चालायला लागले. कुणी त्यांना दिशा सांगितली नाही. ते जरा उजवीकडे गेले की डावी दोरी ताणायची आणि उजवी ढिली पडायची. डावीकडे गेले की उलट. त्या दोन ताणांच्या मध्ये चाचपडत ते पुढे पुढे सरकले, आणि एका जागी दोन्ही दोऱ्या एकदम घट्ट झाल्या. बोटाने छेडल्या तर दोन्हींतून सारखाच आवाज आला.

"टाळी लागली," काका म्हणाले.

मी कोपऱ्याच्या खुंटीमागे वाकून पाहिलं. कोपरा, आणि सत्तर एक फुटांवर काकांच्या मुठीतली चिंधी. त्या दोघांतून पुढे जाणारी रेघ चिंचेच्या बुंध्याच्या उजव्या कडेला टेकत होती. सकाळच्या टाळीपेक्षा थोडी उजवीकडे. ते थोडं म्हणजेच तो एक अंश होता. कुणी कोनमापक आणलं नव्हतं. कुणाला नव्वद माहीत असण्याची गरज नव्हती. दोन सारख्या लांबीच्या दोऱ्या होत्या आणि दोघींना एकदम ताणेल अशी समोर एकच दिशा होती. ती दिशा नांगरलेल्या ढेकळांत आधीपासूनच होती. दोरी बांधायच्या आधी, बांध घालायच्या आधी, इथे कुणी शेत करायच्याही आधी. मी विज्ञान शिकले आणि हे मला कुणी सांगितलं नाही असं नाही. सांगितलं होतं. मी ते मुठीत धरलं नव्हतं.

तिसरी बाजू, चौथी बाजू. टोक पहिल्या खुंटीपासून चार बोटांवर आलं. मी चार बोटंच सांगितली. दोन्ही कर्णांत तेवढाच, चार बोटांचा फरक निघाला.

"बराबर," काका म्हणाले. "एवढं दोरी बी खाती."

शनिवारी दिवसभर आम्ही आतल्या खुंट्या ठोकल्या. पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळलेल्या कपाशीच्या, छातीइतक्या उंच काड्या, दर अठरा फुटांवर. एक्क्याऐंशी काड्या उभ्या राहिल्या तेव्हा मी बांधावरून पाहिलं. समोरची ओळ सरळ. आडवी ओळ सरळ. मान जरा वळवली तर तिरकी ओळही सरळ निघाली, मग आणखी एक, कमी तिरकी. आम्ही फक्त दोन दिशा आखल्या होत्या, आणि रानात कितीतरी दिशा उगवल्या होत्या. त्या आखायचं कुणी ठरवलं नव्हतं.

काकू मात्र कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "सगळं झालं. पण खुंटीला हात लागल्यावर ह्यांचं तोंड कुणीकडं हाय, हे कसं कळायचं? पाव फिरायचं म्हंजी कशापासून पाव?"

 हे काकांच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. काकू न्हाणीमागे गेल्या आणि एक वीट घेऊन आल्या. ती त्यांनी खुंटीच्या पायाशी टाकली. "पाडलेल्या जुन्या न्हाणीच्या हायेत. पायाला लागन असं काहीतरी पायजे."

काकांनी चप्पल काढली. अनवाणी पाऊल विटेच्या लांब कडेला लावलं, मग टाच वळवून आखूड कडेला. त्यांनी ते तीन-चारदा केलं. लांब कड, आखूड कड. विटेचा कोपरा म्हणजे पाव. प्रत्येक विटेत चार.

"उषे," ते म्हणाले, "इतकी वर्सं कुठं व्हती तू?"

"तुमच्याच घरात. तुमी दोऱ्या मोजत व्हते."

संध्याकाळपर्यंत आम्ही दोरीला लावून एक्क्याऐंशी विटा बसवल्या.

राधेश्याम रविवारी गावोगावच्या सवाऱ्या घेणाऱ्या वडाप जीपने आला. टायर फुटला म्हणून उशीर झाला होता, ऊन डोक्यावर आलं होतं. याची मला धास्ती होती. सकाळी ऊन एका गालावर लागतं, त्यावरूनही माणूस दिशा धरू शकतो. भर दुपारी ऊन कोणत्याच गालाचं नसतं. ओसरीवर काकूंनी भरून ठेवलेली कपड्यांची पिशवी होती. राधेश्यामने ती पाहिली, मग रान पाहिलं.

"कुणी आखलं हे?"

"तुझ्या बापानं," काका म्हणाले.

"अप्पा, मला काय बागंचं वावडं हाय का? म्या तिकडं उसाच्या मोळीपाशी उभा असतो अन् मनात हेच चालू असतं, की तुमी विहिरीत तर गेले न्हाई. बास, तेवढंच."

"मंग बघ न."

काका पहिल्या खुंटीपाशी उभे राहिले, अनवाणी, हातात काठी. वीट पायाने चाचपली. चालायला लागले. आठ पावलं, काठी पुढे, पऱ्हाटीची काडी वाजली. पाय विटेवर. सरळ. पुन्हा आठ. राधेश्याम ओठ हलवत मोजत होता. बांधाच्या कडेने सगळ्या खुंट्या झाल्या. कोपऱ्यात काकांनी टाच विटेच्या आखूड कडेला लावली आणि डावीकडे पाव वळले.

चौथ्या की पाचव्या खुंटीच्या आधी एका ढेकळावर त्यांचा पाय मुरगळला. ते तिरके झाले, सावरले. काठी पुढे गेली. काहीच वाजलं नाही. डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही. राधेश्याम पुढे धावला, मी त्याचा शर्ट धरला. काका हलले नाहीत. मग ते जिथे होते तिथून मागे गेले, पाय घासत, आधीच्या विटेपर्यंत. वीट सापडली. पाऊल कडेला लावलं आणि पुन्हा निघाले. आठ पावलं. काडी वाजली.

चिंचेखालच्या शेवटच्या खुंटीला त्यांनी हात लावला आणि तिथे ते अर्धे फिरले. परत येताना त्यांनी आलेली वाट घेतली नाही. दोन खुंट्या सरळ, पाव उजवीकडे, तीन खुंट्या, पाव डावीकडे. पायऱ्यांसारखे ते रानाच्या मधून उतरत आले. बांधाच्या ओळीतून विहिरीजवळच्या पहिल्या खुंटीवर त्यांचा हात पडला तेव्हा काकूंनी तोंडावर पदर घेतला होता.

 राधेश्यामने बूट काढले, मोजे काढले, खिशातला रुमाल डोळ्यांवर बांधला आणि तो रानात शिरला.

"पाहिजे तर काठी घे," काका म्हणाले.

"नको."

दोन खुंट्या त्याला सापडल्या. तिसरीपाशी वीट त्याच्या पायाने सरकली, ते त्याला कळलं नाही. तो तिथे वळला, पावपेक्षा बराच जास्त, आणि चालत राहिला. दहा पावलं. पंधरा. दोन खुंट्यांच्या मधून निघून गेला. मग उभा राहिला, हात पुढे, बोटं पसरलेली. चारी बाजूंना एक्क्याऐंशी खुंट्या, आणि त्याच्या हाताला एकही नाही.

"अप्पा," तो म्हणाला. आवाज लहान झाला होता. "कुठंय म्या?"

"रुमाल काढू नको. बोलत राह्य."

"काय बोलू?"

"काय बी. कारखान्याचं सांग."

राधेश्याम बोलत राहिला. क्रशर, पाळी, साहेब. काका निघाले. तीन खुंट्या सरळ. थांबून कान दिला. पाव डावीकडे. दोन खुंट्या. पुन्हा कान. त्या खुंटीपासून आवाजाकडे सहा पावलं. त्यांचा हात मुलाच्या खांद्यावर पडला आणि राधेश्यामचं बोलणं अर्ध्या शब्दात थांबलं.

त्याने रुमाल काढला नाही. काकांनी त्याला तसंच खुंटीपर्यंत आणलं, त्याचं पाऊल हाताने धरून विटेच्या कडेला लावलं आणि म्हणाले, "आता पाव फिर. हळू. टाच उचलायची न्हाई." तो फिरला. दोघं एकामागे एक बाहेर आले.

विहिरीपाशी राधेश्यामने रुमाल सोडला. ओसरीवरची पिशवी त्याने बघितली, पण तिच्याकडे गेला नाही.

"खड्ड्यांसाठी सांगितलेला जेसीबी कवा येतो उद्या?"

"सातला."

"खड्डे खणले की विटा जात्याल. मंग?"

"दोरी हाय. अर्पी हाय."

"म्या बी थांबतो उद्या. सुट्टी टाकतो." तो रानात गेला, ज्या खुंटीपाशी त्याने वीट सरकवली होती तिथे उकिडवा बसला आणि वीट हातात घेऊन इकडेतिकडे फिरवू लागला. "अप्पा, हिचं तोंड कुणीकडं व्हतं?"

काका तिथपर्यंत चालत गेले. त्यांनी पाऊल विटेवर ठेवलं, कडा चाचपल्या, मग पायानेच ती जराशी डावीकडे ढकलली, इतकी थोडी की मला ती हललेली दिसलीही नाही.

"आता बघ," ते म्हणाले.

राधेश्यामने विटेच्या लांब कडेवरून नजर पुढे नेली. मीही त्याच्या मागे वाकले. पुढची खुंटी बरोबर त्या कडेच्या रेषेत उभी होती. तिच्या मागे त्यानंतरची, तिच्या मागे आणखी एक, आणि रानाच्या टोकापर्यंतच्या सगळ्या एकीमागे एक अशा लपल्या होत्या, की पाहणाऱ्याला एकच काडी दिसावी.